ॲल्युमिनियमवरचा स्प्रे प्राइमर: उन्हात टिकला म्हणजे बोर्डोत टिकला असं नाही



घरचं सोयाबीनचं बी असलं की पेरणीआधी आपण शंभर दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते बघून एकरी किती किलो टाकायचं ते ठरवतो. बोर्डो केलं की त्यात लोखंडी खिळा नाहीतर विळ्याचं पातं बुडवून बघतो, तांबूस झालं तर आणखी चुना घालतो. दोन औषधं एका टाकीत घालायची म्हटलं तर आधी बाटलीत मिसळून फाटतंय का बघतो. म्हणजे तपासून बघायची सवय आपल्याला नाही असं कोणी म्हणू नये. पण रंगाचा विषय आला की ही सवय कुठं जाते कळत नाही. दुकानदार म्हणतो, सगळ्या धातूंना चालतो, आपण डबा हलवतो आणि फुस्स करून मोकळे होतो. दोन पावसाळ्यांनी पंपावरून पापुद्रे निघाले की मग कंपनीला शिव्या.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. ॲल्युमिनियमवर मारायचा प्राइमर हा आपल्याच बागेत, आपल्याच फवारणीखाली, भंगारातल्या पट्टीवर एक पावसाळा टांगून तपासल्याशिवाय चांगला म्हणू नये. छपरावर उन्हात चार महिने टिकला याला आमच्या द्राक्षपट्ट्यात काडीची किंमत नाही. आणि दुसरं, जे दुकानदाराला आवडणार नाही ते: बहुतेक वेळा डबा नापास होत नाही, डब्याच्या आधीची साफसफाई नापास होते.

आता शेतकऱ्याच्या घरी ॲल्युमिनियम कुठं असतं? आमच्याकडं जुनी माणसं त्याला अजून जर्मन म्हणतात. जर्मनची पातेली, दुधाचे कॅन. त्यानंतर आली तुषार सिंचनाची पाइप, शिडी, सोलर पॅनेलची चौकट, शेडनेटला कापड धरून ठेवणारी पट्टी, आणि सगळ्यात महागाचं म्हणजे ब्लोअरच्या पंपाचं अंग आणि गिअर बॉक्सचं कव्हर. बऱ्याच पंपांत हे अंग ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. ओतीव मालात सिलिकॉन मिसळलेलं असतं आणि बऱ्याचदा थोडं तांबंही असतं. त्यामुळं साध्या पत्र्यापेक्षा ते लवकर खड्डे धरतं. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण म्हणतो. ते खरं पण अर्धंच. हा धातू हवेत उघडा पडला की क्षणात स्वतःवर एक अतिशय पातळ साय धरतो. ती साय डोळ्याला दिसत नाही, पण पावसापाण्यापासून तीच त्याला राखते. म्हणून जर्मनचं पातेलं वर्षानुवर्षं टिकतं. पण त्याच पातेल्यात घरातल्या बायका चिंचेचं आंबट रात्रभर ठेवत नाहीत, आणि सोड्याच्या पाण्यात ते उकळलं तर काळं पडतं हेही त्यांना ठाऊक असतं. जास्त आंबट नको, जास्त खारट नको आणि जास्त चुन्याचंही नको, असा त्या सायीचा स्वभाव आहे. मधल्या मध्ये ती सुखी असते.

आता आपण फवारतो काय ते बघा. एप्रिल छाटणीनंतर पावसाळाभर डाऊनीसाठी बोर्डो. एक टक्क्याचं म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. हे मिश्रण जुनं आहे, फ्रान्समध्ये बोर्डो भागात मिलार्देनं १८८५ मध्ये ते लोकांपुढं मांडलं, आणि तेव्हापासूनचा नियम आहे की ते धातूच्या भांड्यात कालवू नये. का? खिळ्यावर जे तांबं चढतं तेच ॲल्युमिनियमवर चढतं म्हणून. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि खड्ड्यातून पांढरी भुकटी येते. पाण्यात क्षार असले तर हे आणखी जोरात चालतं, आणि आमच्या भागातल्या बोअरचं पाणी काय असतं ते मी सांगायला नको. शाळेतल्या पोरांना दाखवायचं असेल तर मोरचुदाचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि घासलेला ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या. थोड्याच वेळात बुडबुडे येतात आणि तुकडा तांबूस होतो.

कोणी म्हणेल, आम्ही बोर्डो बरोबर करतो, खिळा लाल होत नाही, मग मोकळं तांबं कुठून येणार? बरोबर केलेल्या बोर्डोत मोकळं तांबं फार कमी असतं हे खरं. पण ते पानावर वाळतं आणि दव-पावसानं हळूहळू तांबं सोडतं, म्हणून तर ते बुरशीवर काम करतं! पानावर जे करतं तेच ते पंपाच्या अंगावरही करतं. पानावरून निदान पाऊस धुऊन नेतो, पंपाच्या बोल्टाशेजारी साठलेला निळा थर आपण दिवाळीपर्यंत हलवत नाही. आणि चुना जास्त पडला तर तांब्याऐवजी चुना त्या सायीला खातो. दोन्हीकडून मार आहे.

म्हणून प्राइमर. आता प्राइमर म्हणून दुकानात काय मिळतं? एक तो करडा, सर्व धातूंसाठी असं लिहिलेला. दुसरा तांबडा रेडऑक्साइड, जो मुळात लोखंडासाठी आहे, पण शिल्लक असतो म्हणून गडी तोच मारतो. तिसरा एच प्राइमर म्हणून मिळतो, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात. त्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला किंचित चावून धरतं. चौथा दोन डब्यांचा इपॉक्सी, मिसळून ब्रशनं किंवा गननं मारायचा. तो चांगलाच आहे, पण एका पंपासाठी कोणी मिसळत बसत नाही, म्हणून मी तो या वेळी बाजूला ठेवला. आणि एक पिवळा झिंक क्रोमेटचा असतो. ॲल्युमिनियमवर तो नावाजलेला आहे, पण त्यातलं क्रोमियम कॅन्सरला कारण ठरणारं आहे. तो फवारून श्वासात घेणं किंवा कोरडा घासून त्याची धूळ उडवणं हे काम घरी करू नये. माझ्या चाचणीत तो नव्हता आणि पुढंही नसेल.

चाचणी कशी घेतली ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते यातलंच काहीतरी तुमच्या उपयोगाचं आहे.

भंगारवाल्याकडून साधा ॲल्युमिनियमचा पत्रा आणला. वीतभर लांब, तीन बोटं रुंद अशा पट्ट्या कापल्या. टांगायला भोक रंगाच्या आधी पाडलं, आणि ओळख म्हणून खिळ्यानं टिंबं ठोकली. मार्करनं नंबर घालू नका, पहिल्या फवारणीत पुसला जातो. करडा, तांबडा आणि एच असे तीन डबे. प्रत्येक डबा दोन तऱ्हेच्या पट्टीवर मारला. एक तऱ्हा म्हणजे आपल्याकडं सगळे करतात तशी: रॉकेलच्या बोळ्यानं पुसली की झालं. दुसरी तऱ्हा म्हणजे आधी भांड्याच्या साबणानं धुणं, मग २२० नंबरच्या नव्या पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासणं, पुन्हा धुणं, सुकवणं, थिनरच्या स्वच्छ कपड्यानं पुसणं आणि तासाभराच्या आत प्राइमर. प्रत्येक पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागावर, प्राइमर वाळल्यावर, एकाच डब्यातला निळा रंग मारला. म्हणजे एकाच पट्टीवर नुसता प्राइमर आणि रंगाखालचा प्राइमर दोन्ही दिसावेत. शिवाय एक पट्टी अगदी कोरी. असे सात प्रकार, प्रत्येकी दोन पट्ट्या, आणि हे सगळं दोन ठिकाणी, म्हणजे अठ्ठावीस पट्ट्या. कृषी विद्यापीठातल्या माणसांना हे प्लॉट पाडल्यासारखं वाटेल, तसंच आहे ते. खर्च म्हणाल तर चार डबे. चार-पाच जणांनी मिळून केलं तर एका फवारणीच्या औषधाएवढेसुद्धा पैसे जात नाहीत.

पट्ट्या वाळून आठवडा झाल्यावर प्रत्येकीवर ब्लेडनं फुली मारली, थेट धातूपर्यंत. ही फुली महत्त्वाची. कारण आपल्या पंपावर पान्याचा ओरखडा पडणारच आहे, तारेला घासणारच आहे. अखंड रंग किती टिकतो यापेक्षा ओरखड्याच्या कडेनं तो किती उठतो हे आपल्याला हवं आहे.

मग एक संच गोठ्याच्या छपरावर उन्हात, आणि दुसरा ब्लोअरच्या मागच्या चौकटीला, म्हणजे दर फवारणीचा तुषार अंगावर येईल असा. टांगायला नायलॉनची दोरी घेतली. बांधायची तार वापरू नका, वेगळा धातू चिकटला की तिथूनच खायला सुरुवात होते आणि दोष रंगावर जातो. कडेच्या पट्ट्या जास्त भिजतात म्हणून प्रकार मिसळून टांगले. जूनच्या पहिल्या आठवड्यात टांगल्या, सप्टेंबर संपता संपता, गोडी छाटणीच्या गडबडीआधी उतरवल्या.

धरून ठेवतो की नाही हे बघायची एक तऱ्हा जगभर चालते आणि ती फुकट आहे. नव्या ब्लेडनं दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पाडायच्या, म्हणजे पंचवीस चौकोन होतात. वरून चिकटपट्टी घट्ट दाबायची आणि एका झटक्यात ओढायची. किती चौकोन पट्टीबरोबर आले ते मोजायचं. प्रयोगशाळेत याला क्रॉस कट म्हणतात, आयएसओ २४०९ हा त्याचा नियम, त्यात शून्य म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे सगळं गेलं. अमेरिकेचा एएसटीएम डी ३३५९ हा नियम आहे, त्यात नेमकं उलटं, ५ बी उत्तम आणि ० बी गेलेलं. डब्यावर यातला आकडा छापलेला दिसला तर आधी कुठल्या नियमाचा ते बघा, नाहीतर नापासालाच पहिला नंबर द्याल. ठरलेल्या ताकदीची चिकटपट्टी आपल्याकडं नसते, बॉक्सला लावायची खाकी पट्टी असते. चालतं. फक्त सगळ्यांना एकाच रोलमधली लावा, म्हणजे आपापसात तुलना खरी राहते.

आणि हे कोरडं करून थांबू नका. एक दिवस-रात्र पट्टी पाण्याच्या बादलीत बुडवा, बाहेर काढून पुसा, अर्धा तास थांबा आणि मग पुन्हा चिकटपट्टी ओढा. कोरड्यात दात-ओठ खाऊन धरणारा रंग ओला झाल्यावर कसा सुटतो ते बघण्यासारखं असतं. माझ्या मते सगळ्या चाचणीतली सगळ्यात बोलकी हीच, आणि हिला चार महिने थांबावं लागत नाही.

काय दिसलं ते आता सांगतो. पट्ट्या थोड्या आहेत, म्हणून टक्केवारी सांगत बसत नाही.

छपरावरचा संच उतरवला तेव्हा नुसत्या डोळ्यानं बघितलं तर सगळे पास. रॉकेलवाले पास, घासलेले पास, तांबडासुद्धा पास. नुसत्या प्राइमरचा भाग निस्तेज झाला होता, बोटाला भुकटी लागत होती, बास. त्या पट्ट्या घेऊन दुकानात गेलो असतो तर दुकानदारानं त्या काउंटरवर लावल्या असत्या. पण चिकटपट्टी ओढल्यावर रॉकेलवाल्या पट्ट्यांवरचा करडा आणि तांबडा चौकोनच्या चौकोन उचलून आला. म्हणजे सगळा काळ तो नुसता बसून होता, धरून नव्हता.

ब्लोअरवरच्या संचात लपवायला काही उरलं नव्हतं. रॉकेलवर मारलेला तांबडा फुलीपासून पानासारखा सुटला होता. रॉकेलवरच्या करड्याला फुलीच्या कडेनं फोड, आणि फोड फोडला की खाली पांढरी भुकटी. घासलेल्या पट्टीवरचा करडा रंगाखाली बऱ्यापैकी राहिला, फक्त चिरेच्या काठानं दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेघा आत शिरलेल्या. घासलेल्यावरचा तांबडा त्याहून मागं. एच प्राइमरची गंमत वेगळीच. घासलेल्या पट्टीवर, वर निळा रंग असलेला एच हा सगळ्यांत सरस, फुली होती तेवढीच राहिली. पण त्याच पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात, जिथं रंग नव्हता, तिथं तो मऊ पडलेला, ओल्या चाचणीत चौकोन आले. एच प्राइमर हा धरायला चांगला, अडवायला नाही. तो पातळ मारायचा असतो आणि त्यावर रंग लागतोच. नुसता एच मारून पंप बागेत नेणं म्हणजे कलम बांधून त्यावर पट्टी न गुंडाळण्यासारखं आहे.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते हे: घासलेल्या पट्टीवरचा स्वस्त करडा, वर रंग असताना, रॉकेलवरच्या महागड्या एचपेक्षा चांगला राहिला. म्हणजे दीड-दोनपट पैसे देऊन जे मिळत नाही ते दहा रुपयांच्या पॉलिश पेपरनं आणि अर्ध्या तासाच्या कामानं मिळतं.

रॉकेलचं असं का होतं? रॉकेल ग्रीस काढतं खरं, पण स्वतःची तेलकट साय मागं ठेवतं. डिझेलचं तर विचारूच नका. कांद्याच्या पातीवर स्टिकर न घालता फवारलं तर पाण्याचे मणी होऊन घरंगळतात की नाही, तसंच तेलकट धातूवर प्राइमरचं होतं. यावरूनच एक फुकटची परीक्षा आहे. धुतलेल्या, घासलेल्या धातूवर स्वच्छ पाणी ओता. पाणी चादरीसारखं एकसंध पसरलं तर साफ. मणी झाले, पाणी मध्येच फाटलं, तर तिथं तेल आहे, पुन्हा धुवा. प्राइमरचा डबा उघडायच्या आधी हे दोन मिनिटांत कळतं. कॉस्टिक सोड्यानं साफ करायचा शहाणपणा मात्र करू नका. तो ॲल्युमिनियमलाच खातो आणि खाताना पेट घेणारा वायू सोडतो. लोखंडावर वापरलेला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रशही ॲल्युमिनियमला लावू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि प्राइमरखाली तेच गंजतात.

मारतानाचं थोडक्यात. डबा आतली गोळी सुटी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवायचा. वीतभर अंतरावरून, पातळ हात, दोन-तीन वेळा. भर दुपारी तापलेल्या पंपावर मारला तर रंग हवेतच वाळतो आणि वाळूसारखा खरबरीत बसतो. पावसाळी दमट हवेत मारला तर पांढरट पडतो. आमच्याकडं फेब्रुवारीतली सकाळ सगळ्यात चांगली, दहा ते बाराच्या दरम्यान. धारदार कोपरे कानसीनं आधी मारून घ्या, कारण धारेवरून ओला रंग मागं सरकतो आणि तिथं थर उरतच नाही. माझ्या पट्ट्यांत सगळ्यात आधी कडा आणि भोकंच गेली. तोंडाला मास्क, काम उघड्यावर. आणि उरलेला डबा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात बंद लोखंडी पेटीत तेवढं सहज होतं.

कोऱ्या पट्टीचं राहिलं. छपरावरची कोरी पट्टी जरा मळकट झाली, बाकी जशीच्या तशी. ब्लोअरवरच्या कोऱ्या पट्टीला बारीक काळे ठिपके आणि पांढरी भुकटी. यावरून माझं एक मत झालंय, ते काहींना उलटं वाटेल. जिथं औषधाचा तुषार जात नाही तिथं ॲल्युमिनियमला प्राइमर लावूच नये. शिडी, छपराचा पत्रा, पाइप यांना त्यांची साय पुरेशी आहे. वाईट बसलेला प्राइमर कोऱ्या धातूपेक्षा वाईट, कारण पापुद्र्याखाली ओल धरून राहते आणि वरून दिसत नाही. सोलर पॅनेलच्या चौकटीला तर हातही लावू नका. तिच्यावर कारखान्यात जाड साय मुद्दाम चढवलेली असते, ती घासून काढून वर दोनशे रुपयांचा रंग मारणं म्हणजे सोनं देऊन पितळ घेणं. आणि दुधाच्या कॅनच्या आतून कुठलाही रंग कधीच नाही.

एक शेजारी म्हणतात, पंप आतून झिजतो, बाहेरून रंगवून काय मिळवणार? त्यांचं निम्मं बरोबर आहे. आतून मरायचा तो डायफ्राम आणि व्हॉल्व्हनं मरतो, ते बदलता येतात. पण अंगाला बोल्टाच्या भोकाशी खड्डे पडले, पितळी फिटिंगच्या आट्याजवळचं ॲल्युमिनियम खाल्लं गेलं, तर ते बदलता येत नाही, अख्खा पंप घ्यावा लागतो. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात शेजारी आले की बळी ॲल्युमिनियमचाच जातो. तिथं आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून, जोडावर बाहेरून प्राइमर आणि रंग दिला तर फरक पडतो. आणि फवारणी झाल्यावर आतून-बाहेरून साध्या पाण्यानं ब्लोअर धुणं, हे कुठल्याही प्राइमरपेक्षा जास्त काम करतं. प्राइमर लावला म्हणून धुणं सोडणाऱ्यानं प्राइमर लावू नये, असं मी तोंडावर सांगतो.

आणखी एक गोष्ट तपासायची राहू देऊ नका. स्प्रे डब्यातले साधे प्राइमर आणि रंग हे बहुतेक एका घटकाचे असतात, वाळले तरी विद्राव्यात पुन्हा मऊ होतात. आपली ईसी औषधं म्हणजे विद्राव्यच. पट्टीच्या कोपऱ्यावर, हातमोजे घालून, ईसी औषधाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी कापसानं पुसा. कापसावर रंग आला तर टाकीच्या झाकणाजवळ, जिथं मापातून औषध सांडतं, तिथं तो रंग टिकणार नाही. तिथं मग दोन डब्यांच्या इपॉक्सीचा त्रास घ्यावा लागेल.

कृषी तज्ज्ञ मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे, थोडी तक्रारीच्या सुरात. तुम्ही शिफारस देता तेव्हा पानावर डाग पडतील का, घडावर रेसिड्यू राहील का, मित्रकीटक मरतील का हे सगळं सांगता. हे औषध यंत्राच्या कुठल्या धातूला त्रास देतं, फवारणीनंतर कशानं आणि किती वेळात धुवायचं, ही एक ओळ मात्र कुठंच नसते. खर्चाच्या तक्त्यात ब्लोअरचा घसारा तुम्हीच धरता. तो कशानं होतो तेही लिहा. शेतकरी मेळाव्यात औषधांचे चार्ट लागतात, तिथं दहा पट्ट्यांचा एक फळा टांगायला काय हरकत आहे? आणि डबे विकणाऱ्यांनी सर्व धातूंसाठी असं मोघम लिहिण्यापेक्षा ॲल्युमिनियमवर काय करून मारायचा, वर रंग लागतो का, तांब्याच्या औषधांत चालतो का, एवढं मराठीत छापावं.

सध्या सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते जुन्या ब्लोअरच्या खरेदीत, म्हणून तेवढं सांगून थांबतो. फळ छाटणीच्या तोंडावर बाजारात चकाचक रंगवलेले ब्लोअर येतात. पंपाचं अंग नव्यासारखं निळं किंवा लाल दिसतं. रंगाकडं बघू नका. पितळी फिटिंगच्या मुळाशी नाण्याच्या कडेनं खरवडा. रंग पापुद्र्यासारखा उठला आणि खाली पांढरी भुकटी निघाली तर तो गेल्या आठवड्यात झाकलेला आहे. बोल्टाचं डोकं आणि अंग दोन्हीवर एकच अखंड रंग असेल तर बोल्ट न काढता मारलाय, एक बोल्ट काढून दाखवा म्हणावं. खाचेत टाचणी घालून बघा, खड्डा लांबीनं भरला असेल तर टाचणी मऊ रुतते. विकणारा खरवडू देत नसेल तर किंमत ऐकायचीही गरज नाही. खरवडू देत असेल आणि खाली धातू चमकदार, घट्ट निघाला, तर त्या माणसाला दोन रुपये जास्त द्यायला हरकत नाही, आणि तो साफ कशानं करत होता तेवढं विचारून घ्या.